ऐकावे मोबाइलचे, करावे तपासून

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट निघाली की 'ध'चा 'मा' झाला असे आपण म्हणतो. १७७३ सालच्या त्या चिठ्ठीत 'धरावे' असे लिहिले होते, वाटेत कोणीतरी त्याचे 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी हा वाद इतिहासकारांवर सोडू. पण मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलतो आणि बदललेल्या मजकुराने माणसाचा जीव जाऊ शकतो, ही गोष्ट मराठी माणसाला या एका वाक्प्रचाराने कायमची सांगून ठेवली आहे. आज अशा चिठ्ठ्या सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडतात. त्यांतल्या पुष्कळशा प्रकृतीविषयी असतात. म्हणून या आठवड्यात एखाद्या आजाराऐवजी आजाराच्या माहितीविषयीच बोलू.

पूर्वी माहिती कशी येत असे?

मी १९९३ साली एम.बी.बी.एस. झालो आणि काही वर्षांनी तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. त्या वेळी लोकांना आरोग्याची माहिती मिळण्याची ठिकाणे मोजकी होती. आकाशवाणी, दूरदर्शन, वर्तमानपत्र, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, शाळेचे गुरुजी आणि शेजारच्या आजीबाई. माहिती थोडी होती, उशिरा येत होती, पण ती सांगणाऱ्याचा चेहरा ओळखीचा होता. चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारता येत होता. वर्तमानपत्रात छापून येण्याआधी मजकूर संपादकाच्या नजरेखालून जात होता.

तेव्हा अफवा नव्हत्या असे मात्र नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हाही 'डोस दिला तर पुढे मूल होत नाही' अशी कुजबुज अनेक ठिकाणी झाली. या कुजबुजीला आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन, उंबऱ्याशी बसून उत्तर दिले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. अफवा पायी चालत होती, तिच्यामागून सत्यही पायी चालत गेले आणि तिला गाठू शकले.

मग बदलले काय?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. २००९ मध्ये व्हॉट्सॲप आले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि शेतातल्या गड्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सर्वांच्या खिशात जगाची माहिती आली. या बदलाचे तीन भाग ध्यानात घ्यावेत.

पहिला भाग वेगाचा. जी बातमी पोहोचायला पूर्वी आठवडा लागे, ती आता चहा गाळून होईपर्यंत शंभर घरांत जाते.

दुसरा भाग असा की, मधला तपासणारा माणूस नाहीसा झाला. आता प्रत्येक जण वाचकही आहे आणि प्रकाशकही. संपादकाचे काम आपल्याच अंगावर येऊन पडले आहे, पण ते काम आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

तिसरा भाग सर्वांत नाजूक आहे. मजकूर लिहिणारा कोण ते आपल्याला माहीत नसते, पण पाठवणारा आपला मेहुणा, मावशी किंवा शाळेचा जुना मित्र असतो. आपला विश्वास पाठवणाऱ्यावर असतो आणि तो नकळत त्या अनोळखी मजकुरावर जाऊन बसतो. मावशी खोटे बोलणार नाही हे अगदी खरे. पण मावशीने ते लिहिलेलेच नाही!

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली. कारण खोटी बातमी नवलाईची असते. 'रोज अर्धा तास चाला' या मजकुरात नवल ते काय? 'सात दिवसांत साखर मुळापासून नाहीशी' हे वाचून मात्र बोट आपोआप पुढे जाते.

चांगल्या बाजूकडेही पाहू

इंटरनेटला सरसकट नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे काम केले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. त्या काळी लेख टपालाने जाई आणि छापील अंक आडगावच्या डॉक्टरच्या हाती पडायला महिने लागत. आज विंचू चावलेला रुग्ण टेबलावर असताना डॉक्टर औषधाची मात्रा मोबाइलवर पडताळून पाहू शकतो. जगभरच्या वैद्यकीय संशोधनाची सूची असलेले 'पबमेड' १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे.

रुग्णांचाही फायदा झाला आहे. 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. दुर्मिळ आजार असलेल्या मुलाच्या आईला तशाच दुसऱ्या आईशी बोलता येते. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत कुठे खाट रिकामी आहे, कुठे ऑक्सिजन आहे, हे अनोळखी माणसांनी एकमेकांना मोबाइलवरूनच कळवले. मासिक पाळी, मानसिक त्रास, लैंगिक आजार या विषयांवर जे प्रश्न लाजेपोटी कोणी विचारत नसे, ते आज तरुण मुले-मुली निदान विचारू तरी लागली आहेत.

जिवावर बेतणारे काही संदेश

आता काही नमुने पाहू. हे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत आणि तुमच्याही मोबाइलवर आले असतील.

'पक्षाघाताचा झटका आला की दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, रुग्ण उठून बसेल.' आमच्या भागातल्या एका साठीच्या बाईंचे सकाळी स्वयंपाक करताना तोंड वाकडे झाले आणि उजवा हात गळाला. घरच्यांनी भक्तिभावाने सुई शोधली, ती गॅसवर तापवली, बोटे टोचली आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत सहा तास उलटले होते. पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही ही खात्री झाल्यावर. बाई वाचल्या, पण उजवा हात परत आला नाही. सुईने अपाय किती झाला? टोचल्याचा जवळजवळ नाहीच. अपाय झाला तो गेलेल्या वेळेचा. म्हणून हे पाठ करून ठेवा: चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन करा. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. तोंडाने पाणी, चहा, गोळी काही देऊ नका.

'एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा.' हा मजकूर १९९९ मध्ये अमेरिकेत ई-मेलवरून फिरू लागला. त्यावर ज्या रुग्णालयाचे नाव होते, त्याने तो आपला नाही असे स्पष्ट केले. तरी पंचवीस वर्षांनंतर तो मराठीत भाषांतर होऊन आपल्याकडे येतोच आहे. हृदय खरोखर थांबले तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, तो खोकणार कसा? आणि हृदय चालू असेल तर खोकल्याने अडकलेली गुठळी निघत नाही. छातीत दाटून दुखत असेल, घाम फुटला असेल तर जागीच बसा, शेजाऱ्याला हाक मारा, १०८ ला कळवा. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात येऊ नका.

'रोज सकाळी दुधीचा रस घ्या, हृदयाच्या नळ्या साफ होतात.' दुधी ही चांगली भाजी आहे. पण एखादा दुधी कडू निघतो. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते. कडू रस औषध म्हणून नाक दाबून प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने याचा अभ्यास करून कडू लागलेला रस टाकून द्यावा, असे सांगितले. आपल्या आया-आज्या दुधी चिरताना तुकडा जिभेला लावून पाहत, त्याचे कारण हेच. व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात नेमकी ही ओळ गळालेली असते.

'भेंडीचे पाणी प्या, मधुमेहाच्या गोळ्या बंद करा.' भेंडी जरूर खा. परंतु गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद केल्यावर साखर चारशे-पाचशेच्या घरात जाऊन रुग्ण अत्यवस्थ स्थितीत येतात. ज्या मुलांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, त्यांचे इन्सुलिन बंद झाले तर काही दिवसांतच प्राणावर बेतते. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. मोबाइलवर मात्र तोच दावा कोणा 'हितचिंतका'च्या नावाने येतो. तो नेमका कोणी सुरू केला, हे शोधणार कसे?

लसीविषयीच्या अफवा

१९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या १२ मुलांच्या पाहणीवरून गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा लेख लिहिला. तोही 'लॅन्सेट'मध्येच छापून आला. पुढे त्यातील गैरप्रकार उघड झाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

डॉ. बावस्करांचे काम आणि वेकफिल्डचा लेख एकाच नियतकालिकात आले. एक टिकले, दुसरे मागे घ्यावे लागले. मोठ्या नावाचे ठिकाण म्हणजे सत्याची हमी नव्हे. इतरांनी पुन्हा पुन्हा तपासून जे तेच निघते, ते खरे. पण मागे घेतलेला लेख इंटरनेटवरून मागे घेता येत नाही. तो अजून फिरतो आहे.

आपल्या राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली, तेव्हा 'या लसीने वंध्यत्व येते' असे संदेश फिरले आणि काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवले नाही. पुढे कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरणही रखडले. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली आणि मुंबईत बालके दगावली. गोवर हा अतिशय संसर्गजन्य आजार आहे. त्याला रोखण्यासाठी शंभरातील पंचाण्णव मुलांना लस मिळालेली असावी लागते. ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पहिला आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस, हे दोन्ही सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. तुमच्या घरातल्या बाळाचे कार्ड आजच काढून पाहा.

रिपोर्ट मोबाइलवर, काळजी उशाशी

पूर्वी रक्ताचा रिपोर्ट पाकिटातून यायचा आणि डॉक्टरांनी उघडल्यावर कळायचा. आता तो रात्री दहा वाजता थेट रुग्णाच्या मोबाइलवर येतो. एखाद्या आकड्यापुढे चांदणी दिसते, रुग्ण तो शब्द इंटरनेटवर टाकतो आणि पहाटेपर्यंत त्याला कर्करोग झालेला असतो!

या चांदणीचा अर्थ समजून घ्या. 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णवांचे आकडे जिच्यात बसतात अशी असते. म्हणजे पाच निरोगी माणसे बाहेर राहतातच. एका निरोगी माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर हिशेबाने एखादी चांदणी येणारच. म्हणून आकडा एकटा वाचू नये. वय, लक्षणे, चालू औषधे आणि मागचा रिपोर्ट यांच्यासोबत तो वाचावा लागतो.

डोकेदुखीचेही तसेच. शोधयंत्रात 'डोकेदुखी' टाकली की मेंदूच्या गाठीचे पान समोर येते. प्रत्यक्षात दवाखान्यात येणाऱ्या डोकेदुख्या बहुतांशी ताणाच्या किंवा अर्धशिशीच्या असतात. इंटरनेट शक्य असलेली सर्व कारणे सांगते. तुमच्या बाबतीत त्यातले कोणते संभवते हे सांगायला तुमच्याशी बोलावे लागते, नाडी पाहावी लागते, रक्तदाब मोजावा लागतो. प्रश्न टाकला की सुरेख वाक्यांत उत्तर देणारी नवी यंत्रे नोव्हेंबर २०२२ पासून सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांचा उपयोग आहे. पण चुकीचे उत्तरही ती तितक्याच आत्मविश्वासाने देतात, हे विसरू नये.

पाठवणाऱ्याची जबाबदारी

आतापर्यंत वाचणाऱ्याविषयी बोललो. आता पाठवणाऱ्याविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो ही अफवा पसरली. कोंबडीचे भाव कोसळले आणि कर्ज काढून शेड उभारलेले शेतकरी बुडाले. पुढे पाठवणाऱ्या कोणालाही आपण काही वाईट केले असे वाटले नसेल. त्यांनी फक्त बोट दाबले होते.

दुसऱ्याच्या आजाराचेही तसेच आहे. काळजीपोटी नातेवाईक रिपोर्टचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. लग्नाच्या वयाच्या मुलीला क्षय झाला हे एका दुपारी चार तालुक्यांत कळते. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, पण ग्रुपवर गेलेला फोटो पुसला जात नाही. ज्याचा आजार त्याचीच माहिती. त्याला विचारल्याशिवाय ती कोणाला पाठवू नये.

संदेश आला तर काय करावे?

१. लिहिणारा कोण ते पाहा. नाव, पदवी, संस्था, तारीख यांपैकी काही नसेल तर तो मजकूर बेवारस समजा. मोठ्या डॉक्टरांचे नाव असेल तरी सावध राहा. आता नकली आवाज आणि चेहरा लावलेले व्हिडिओही येतात.

२. 'शंभर टक्के', 'मुळापासून', 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत', 'ताबडतोब सर्वांना पाठवा' असे शब्द दिसले की तिथेच थांबा.

३. एकच औषध गुडघेदुखीपासून कर्करोगापर्यंत सर्वांवर चालते असे म्हटले असेल तर ते कशावरच चालत नाही असे धरा.

४. शेवटी काही विकत घ्यायला सांगितले आहे का ते बघा.

५. चालू औषध बंद करणे, नवे औषध सुरू करणे किंवा दवाखान्यात जायला उशीर करणे, यांपैकी काहीही करायला संदेश सांगत असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते करू नका. इतर चार गोष्टी विसरलात तरी ही पाचवी विसरू नका.

६. खात्री नसेल तर पुढे पाठवू नका. न पाठवल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी असा संदेश पाठवला तर ग्रुपवर सर्वांसमोर त्यांना खोटे पाडू नये. त्यांनी तो मायेपोटीच पाठवलेला असतो. संध्याकाळी शेजारी बसून, 'आजोबा, हे जरा डॉक्टरांना विचारू या', एवढे म्हटले की पुरते. मनावर ताण येत असेल, झोप लागत नसेल, तर इंटरनेटवर लक्षणे धुंडाळत बसण्यापेक्षा 'टेली-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य सरकारी क्रमांकावर बोलावे.

आणि वाचकहो, मोबाइलवर वाचलेले डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका. काही रुग्ण डॉक्टर रागावतील म्हणून लपवतात, आणि काढा, चूर्ण, पाणी परस्पर चालू ठेवतात. आम्हाला ते कळले नाही तर आमचे औषधही चुकू शकते. संदेश घेऊन या, दाखवा, विचारा. पाच मिनिटे जास्त लागतील. कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्याचे वाईट वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याला तुम्ही दुसऱ्यांदा विचारावे.